वाफसा आणि सहा गठ्ठे

लोणी नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ही लोणी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडची, धामणीच्या शेजारची. याच तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि डिंभे धरण भरते; इकडे मात्र आभाळाकडे बघत बसावे लागते. या भागातल्या शेतकऱ्याच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला कालनिर्णय टांगलेले दिसते आणि त्याच्या चौकटींत बारीक अक्षरांत नोंदी असतात. ‘दूध पगार’. ‘टाकी लावली’. ‘गट हप्ता’. ‘तांबडी भरवली’. ‘लाइट रात्रीची’. एखाद्या चौकटीत तीन-तीन नोंदी, तर एखादीत नुसती फुली, जिचा अर्थ लिहिणारीलाच ठाऊक.

जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय १९७३ साली सुरू केले. पंचांग, सणवार आणि तारखा एका पानावर आल्या, आणि पाहता पाहता घरातल्या बाईने त्या पानाची कामांची वही केली. या वहीला कोणी पद्धत म्हणत नाही. दुसरीकडे पुस्तकांच्या दुकानांत, मोबाइलवर आणि प्रशिक्षण शिबिरांत कामांचे नियोजन शिकवणाऱ्या नामांकित पद्धतींची रेलचेल आहे. तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसणारी मुले, शिक्षक, दुकानदार, बचत गटाच्या अध्यक्षा, हे सगळे त्यांतली एखादी धरून पाहतात आणि बहुधा महिन्याभरात सोडून देतात. हा दोष त्यांच्या चिकाटीचा की पद्धतीचा, हे ठरवण्याआधी या पद्धती नेमके काय करतात ते समजून घ्यायला हवे.

सुरुवात डोक्यापासून करावी लागते. माणसाच्या स्मरणाचे कोठार अफाट असले, तरी एका वेळी मनाच्या पुढ्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली आधीच्या प्रयोगांचा धांडोळा घेऊन हा आकडा सुमारे चार असल्याचे मांडले. कांद्याला पाणी, पोराची फी, सोसायटीचे नवेजुने आणि मोटारीचा जळालेला स्टार्टर ही चार कामे मनात असली की पाचवे आठवताना पहिले निसटते. यात विसरभोळेपणा नाही, मनाची ठेवणच तशी आहे.

दुसरी गोष्ट अर्धवट कामाची. १९२७ साली ब्लूमा झायगार्निक यांनी असे मांडले, की मध्येच तोडलेली कामे पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी तसाच आला नाही. पण अर्धे काम मनाला टोचत राहते, हा अनुभव कोणाला नाही? २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी या टोचणीवरचा उपाय तपासला. काम पुरे न करताही, ते कधी आणि कसे करायचे एवढे ठरवून टाकले तरी त्याची मनातली लुडबुड कमी होते, असे त्यांना आढळले. लिहून ठेवणाऱ्या सगळ्या पद्धतींचा पाया हाच आहे.

त्यांतली सर्वांत गाजलेली पद्धत अमेरिकेतल्या डेव्हिड अॅलन यांची. ‘गेटिंग थिंग्ज डन’, म्हणजे कामे तडीस नेणे, हे त्यांचे पुस्तक २००१ साली आले. त्यांचे सांगणे असे, की डोक्यात आलेले प्रत्येक काम आधी एका ठिकाणी टिपावे. मग एकेक उचलून विचारावे: हे नक्की काय आहे, आणि याबाबत पुढची कृती कोणती? दोन मिनिटांत होणारे असेल तर लगेच उरकावे. दुसऱ्याच्या हातात असेल तर ‘वाट पाहणे’ या यादीत टाकावे. ठरल्या दिवशीच करायचे असेल तर दिनदर्शिकेत लिहावे. नुसती माहिती असेल तर फायलीत ठेवावी, निरुपयोगी असेल तर फेकावे. आणि आठवड्यातून एकदा सगळ्या याद्या वाचून काढाव्यात.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला ओळखीचे काही तरी दिसेल. आपल्या महसूल कार्यालयांत आणि जिल्हा परिषदांत ‘सहा गठ्ठे पद्धत’ नावाची रीत आहे. कारकुनाच्या टेबलावर आणि कपाटात साचणारे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत विभागायचे. पहिला गठ्ठा ज्यांवर आता कार्यवाही करायची त्या प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा: आपण पत्र पाठवले आहे, उत्तर यायचे आहे. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे दर आठवड्याला, महिन्याला किंवा तिमाहीला वरिष्ठांकडे पाठवायच्या विवरणपत्रांचा. चौथा स्थायी आदेशांचा: शासन निर्णय आणि परिपत्रके, जी वारंवार पाहावी लागतात. पाचवा निकाली निघालेल्या, अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा. आणि सहावा ‘ड’ वर्गाचा, म्हणजे अल्पकाळ ठेवून नष्ट करायच्या कागदांचा. गठ्ठ्यांची नावे कार्यालयागणिक थोडी बदलतात, विभागणी तीच राहते.

अॅलन यांच्या याद्या आणि हे गठ्ठे शेजारी ठेवून पाहावेत. पुढची कृती, वाट पाहणे, ठरावीक वेळी येणारी कामे, संदर्भ, जुने दप्तर, केराची टोपली: खण तेच आहेत. एकाने दुसऱ्याचे उचलले असे म्हणण्याचे कारण नाही. कागदांच्या ढिगात बुडालेला कोणीही विचारी माणूस शेवटी याच प्रश्नांपाशी येतो. १९८०च्या दशकात अहमदनगरचे, आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची जी फेरमांडणी केली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. २०१७ साली पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’, म्हणजे शून्य प्रलंबितता आणि रोजचा रोज निपटारा, ही मोहीम पुणे विभागात चालवली. रुमालांत बांधलेली वर्षानुवर्षांची दप्तरे तेव्हा खाली उतरली, झटकली गेली आणि त्यांची वर्गवारी झाली.

या रीतीचा खरा प्राण दुसऱ्या गठ्ठ्यात आहे, असे आम्हाला वाटते. कामे रखडतात त्यांतली कितीतरी आपल्या आळसामुळे रखडत नाहीत. ती दुसऱ्याच्या टेबलावर असतात आणि तिथे आहेत हे आपण विसरतो. मोजणीचा अर्ज दिला, पैसे भरले, पावती घरी खणात पडली. सहा महिन्यांनी कोणी विचारले की आठवण होते. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातला कागद ठरल्या दिवशी वर येतो आणि स्मरणपत्र जाते. घरातही ‘कोणाकडून काय यायचे आहे’ याचे एक पान असले, तर उसने दिलेले फवारणीचे पंप आणि अडकलेले दाखले दोन्ही परत येतात.

मात्र गठ्ठे असोत वा याद्या, त्यांना एक मर्यादा आहे. पहिल्या गठ्ठ्यात चाळीस प्रकरणे असली तर त्यांतले आधी कोणते घ्यायचे, हे गठ्ठा सांगत नाही.

त्यासाठी दुसरी पद्धत पुढे येते. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ सालच्या एका भाषणात तातडीचे आणि महत्त्वाचे यांतला फरक बोलून दाखवला होता; तेही एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचा हवाला देऊन. त्यावरून पुढे चार चौकटींचा तक्ता तयार झाला आणि स्टीफन कवी यांच्या १९८९ सालच्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. तातडीचे आणि महत्त्वाचे, महत्त्वाचे पण तातडीचे नसलेले, तातडीचे पण बिनमहत्त्वाचे, आणि दोन्ही नसलेले. सगळी मेख दुसऱ्या चौकटीत आहे, कारण तिथल्या कामांना कोणी हाक मारत नाही.

जातीच्या दाखल्याचेच पाहा. मुलगी बारावीला असते तेव्हा जानेवारीत तो दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी ही कामे महत्त्वाची असतात, तातडीची नसतात. घरात कांद्याची लागण चाललेली असते, मजूर मिळत नसतात, आणि त्या गडबडीत दाखला मागे पडतो. जूनमध्ये प्रवेशाची तारीख येते आणि तेच काम एकदम तातडीचे होते. मग सेतू केंद्रासमोरची रांग, सर्व्हर बंद, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा शोध, आणि पेरणीच्या दिवसांत तालुक्याच्या गावी, घोडेगावला, दोन-तीन खेपा. जानेवारीत त्याच कामाला एखाद-दुसरी खेप पुरली असती.

माणूस असे का करतो, याचा अभ्यास झाला आहे. मेंग झू आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली केलेल्या प्रयोगांत लोकांपुढे दोन कामे ठेवली. एकाचा मोबदला जास्त, पण मुदत लांबची. दुसऱ्याचा कमी, पण मुदत जवळची. जवळच्या मुदतीने काही खास फायदा होत नसतानाही अनेकांनी कमी मोबदल्याचे काम निवडले. संपत आलेली मुदत डोळ्यांपुढे असली की मोबदल्यावरची नजर ढळते. चार चौकटींचा तक्ता या ओढीला लगाम घालतो, एवढेच त्याचे काम आणि तेवढे ते मोलाचे आहे.

पण शेतीत हा तक्ता पुष्कळदा निरुत्तर होतो. टोमॅटोचा तोडा दिवसाआड येतो. माल रंगावर आला की तो त्याच दिवशी क्रेटमध्ये जायला हवा, नाही तर भाव पडतो. तो तातडीचाही असतो आणि महत्त्वाचाही. गाय माजावर आली की डॉक्टरला त्याच दिवशी बोलवायचे; दिवस टळला तर पुढची संधी एकवीस दिवसांनी, आणि तेवढ्या दिवसांचे दूध पुढे ढकलले जाते. सगळीच कामे पहिल्या चौकटीत येऊन बसली की निवड करणारा तक्ता निवड करीनासा होतो. तेव्हा प्रश्न अग्रक्रमाचा उरत नाही, वेळेचा होतो.

वेळेसाठीची प्रसिद्ध रीत म्हणजे दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येकाला काम नेमून देणे. शाळेचे वेळापत्रक जसे असते तसे आपले. सहा ते सात व्यायाम, सात ते नऊ अभ्यास. ज्यांच्या हातात स्वतःची वेळ आहे त्यांना ही रीत चांगली मानवते. पण तिच्या वाटेत दोन धोंडे आहेत.

पहिला धोंडा आपल्या अंदाजाचा. १९७९ साली डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी नियोजनातल्या या फसगतीला नाव दिले. १९९४ साली ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारले, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आले ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. आपण अंदाज करताना सगळे सुरळीत चालेल असे चित्र मनाशी धरतो आणि मागच्या वेळी काय झाले होते ते बाजूला ठेवतो. काठोकाठ भरलेले वेळापत्रक म्हणूनच पहिल्याच तासाला कोसळते.

याचे उत्तर आपल्याच भागात पाहायला मिळते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, नारायणगावच्या परिसरात सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात आणि मागणी उपलब्ध तासांपेक्षा जास्त असते. म्हणून वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, एक समिती ते पारखते आणि तास वाटून देते. तरीही अचानक घडणाऱ्या घटनांसाठी, एखादा तारा अवचित फुटला तर त्यासाठी, वेगळी तरतूद असते. एवढे काटेकोर वेळापत्रक असलेल्या यंत्रानेही अनपेक्षितासाठी जागा राखली आहे. घरच्या वेळापत्रकात ती बहुतेकदा नसते.

दुसरा धोंडा जास्त मोठा आहे. लोणीच्या शेतकऱ्याची वेळ त्याच्या हातात नाही. शेतीपंपाला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली: आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाणी भरायचे ते लाइट असेल तेव्हा. रात्रीची पाळी आली की माणूस मध्यरात्री विजेरी आणि काठी घेऊन वाफ्यावर जातो, आणि या चार तालुक्यांत, जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरमध्ये, उसात बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे करावे लागले, यावरून प्रश्नाचा आवाका कळावा. दिवसा वीज द्या ही इथली मागणी जुनी आहे, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे आश्वासनही तेच आहे. रात्रभर बारे दिलेल्या माणसाला सकाळी सहाच्या व्यायामाचे वेळापत्रक कशाला सांगायचे?

अशा आयुष्याला लागू पडणारी कल्पना आपल्या भाषेत फार पूर्वीपासून आहे. ती म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर जमीन ओलीही राहते आणि मोकळीही होते, तिच्यात ओल आणि हवा यांचे प्रमाण जुळते, ती स्थिती म्हणजे वाफसा. त्याआधी औत घातले तर चिखल होतो आणि ढेकळे उठतात. उशीर केला तर जमीन कडक होते. वाफशाची तारीख कोणी लिहून ठेवू शकत नाही. शेतकरी मातीची मूठ वळतो, ती दाबली की गोळा होते का आणि सोडली की फुटते का, ते पाहतो आणि ठरवतो. मात्र वाफसा आला की काय करायचे, हे त्याच्या मनात आधीच पक्के असते. बी घरात आहे, पाभर दुरुस्त आहे, बैल किंवा ट्रॅक्टर सांगून ठेवला आहे.

वेळ ठरवता येत नसली तरी अट ठरवता येते, आणि कामे अटीशी बांधता येतात. डेव्हिड अॅलन कामांची यादी ठिकाणानुसार आणि साधनानुसार करायला सांगतात ती याच कारणाने: बाजारात गेल्यावर करायची, फोनजवळ असताना करायची, अमुक माणूस भेटल्यावर बोलायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ साली ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा ठरावाचा परिणाम दाखवून दिला. नुसत्या ‘मी करीन’पेक्षा असा ठराव पुष्कळ जास्त वेळा पाळला जातो, कारण आठवण करून देण्याचे काम मनाऐवजी प्रसंग करतो. ‘मंचरला गेलो की’ या मथळ्याखाली बँक, औषधाचे दुकान, मोटार रिवायंडिंग आणि बाजार समितीतली पट्टी अशी चार कामे लिहिलेली असली तर खेप एकच होते. ‘लाइट दिवसाची आली की’ आणि ‘पाऊस लागून राहिला की’ असेही मथळे करता येतात. पावसाळी दिवसासाठी पोती शिवणे, कागद लावणे, पंपाचे नोझल साफ करणे ही कामे आधी लिहून ठेवलेली असली की तो दिवस हाती लागतो.

पोमोदोरो नावाच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीला टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून अभ्यास करायला सुरुवात केली. पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. पंचवीस मिनिटे एकच काम, पाच मिनिटे विश्रांती, अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराशेजारी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ही रीत खरोखर उपयोगी आहे. त्यांची अडचण कामांच्या गर्दीची नसते. एकाच कामाजवळ बसवत नाही आणि हात मोबाइलकडे जातो, ही असते. पंचवीस मिनिटांची मुदत छोटी असल्याने मन कबूल होते. गोठ्यातल्या किंवा दुकानातल्या माणसाला तिचा उपयोग नाही, कारण त्याला बसवत नाही अशी तक्रारच नसते.

कानबानकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवे. जपानीत कानबान म्हणजे पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी माल तयार करण्याचा वेग या पाट्यांनी बांधला: पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने नवे बनवायचे नाही. पुढे हीच कल्पना माणसाच्या कामांना लावली गेली. फळ्यावर तीन रकाने: करायचे, चाललेले, झालेले. नियम एकच, मधल्या रकान्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामे घ्यायची नाहीत.

लग्नसराईत गावातल्या शिलाईवाल्या ताईंचे घर आठवून पाहा. मशीनभोवती गाठोडी. आलेल्या प्रत्येकीचे मन राखायचे म्हणून प्रत्येक ब्लाउज बेतून ठेवलेला. कोणाची बाही राहिली आहे, कोणाची गळपट्टी, कोणाचे हूक. तीस ब्लाउज हातात आणि पुरा एकही नाही. गणितज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम इथे लागू पडतो. सरासरी एक काम हातात किती दिवस राहते, हे हातातल्या कामांना रोज पुऱ्या होणाऱ्या कामांनी भागून मिळते. रोज दोन ब्लाउज पुरे होत असतील आणि तीस हातात असतील, तर प्रत्येक ब्लाउज सरासरी पंधरा दिवस अर्धवट पडून राहतो. एका वेळी सहाच बेतले तर तीन दिवस.

यावर कोणी म्हणेल, शिवायचे ब्लाउज तेवढेच आहेत, मग गिऱ्हाइकाला फरक काय? फरक आहे. न बेतलेले कापड पिशवीतच असते, त्यामुळे जिच्या घरी लग्न आधी आहे तिचा क्रम वर घेता येतो. बेतलेल्या तीस ब्लाउजांत शोधाशोध, मापांची चुकामूक आणि ‘आमचा झाला का’ या फोनांतच निम्मा दिवस जातो. थोडेच हातात असले की तारीखही खरी सांगता येते. ‘चार दिवसांनी कापड घेऊन या’ असे सांगणे त्या ताईंना जड जाते, हे आम्ही जाणतो; गावात गिऱ्हाईक शेजारीण असते, नातलगही असते. तरी ‘झालाच आहे समजा’ असे सांगून हळदीच्या दिवशी हूक लावत बसण्यापेक्षा ते बरे.

इतका वेळ आपण असे गृहीत धरले, की कामांची यादी ज्याची त्याची असते. प्रत्यक्षात घरातली यादी एकाच माणसाच्या अंगावर पडते. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. स्वयंपाक, पाणी, धुणे, गोठा, म्हाताऱ्या माणसांचे औषध, पोराचा डबा. या कामांना ना मुदत असते ना ‘झालेले’ असा रकाना. भांडी घासून पालथी घातली की संध्याकाळी पुन्हा तीच. अशा बाईला अग्रक्रम ठरवायला शिकवणारे शिबिर फारसे काही देत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी यादीतली चार कामे उचलणे, हाच तिथला उपाय आहे. गावात कामे वाटून घेण्याची रीत नवी नाही. इर्जिक घालून एकाचे रान सगळ्यांनी नांगरून देणे आपल्या आजोबांना माहीत होते. ती रीत उंबऱ्याच्या आत फारशी आली नाही.

आता निवाडा करायचा तर आमचे मत असे आहे. कोणती पद्धत चांगली असे विचारण्याआधी, माझे काम नेमके कुठे अडते, असे विचारावे. विसरण्यामुळे अडत असेल तर लिहावे, आणि सहा गठ्ठ्यांची वर्गवारी त्याला पुरेशी आहे. त्यासाठी अॅप विकत घ्यायची गरज नाही. दुसऱ्याकडे अडत असेल तर प्रतीक्षेचे पान वेगळे करावे. तातडीच्या रेट्याखाली महत्त्वाचे काम चेंगरत असेल तर चार चौकटी काढाव्यात. एकाच वेळी फार हातात घेतल्याने अडत असेल तर कानबान. मन लागत नसेल तर टोमॅटोचे घड्याळ. तासातासाचे वेळापत्रक मात्र लोणीसारख्या ठिकाणी बहुतेकांनी बाजूला ठेवावे आणि कामे वाफशाने, म्हणजे अटीने, बांधावीत. पद्धत महिन्याभरात सुटते ती बहुतेकदा यामुळे, की आपला आजार एक असतो आणि औषध शेजाऱ्याच्या आजारावरचे घेतलेले असते.

आणि ज्याचे काम विजेच्या पाळीमुळे, बंद सर्व्हरमुळे किंवा न आलेल्या पाण्यामुळे अडते, त्याला यांतली एकही पद्धत द्यायची नाही. त्याच्या वतीने महावितरणला, तहसीलला आणि जलसंपदा खात्याला विचारायचे. डिंभ्याचे पाणी उपसा योजनेने या बाजूला आणण्याची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. प्रत्येक कारकुनाच्या टेबलावर प्रतीक्षाधीन गठ्ठा असतो. नागरिकाच्या बाजूनेही असा गठ्ठा असावा आणि ठरल्या दिवशी तो उघडला जावा. ग्रामसभेत मागच्या सभेच्या ठरावांचे काय झाले, हे आधी वाचून दाखवण्याचा आग्रह धरला तर तेवढे साधेल.

स्वयंपाकघराच्या दारापाशी परत जाऊ. तांबडी गाय १० जूनला भरवली होती. चौकटीत तसे लिहिल्यावर घरातल्या बाईने पान उलटून १ जुलैच्या चौकटीत लिहिले, ‘तांबडी बघणे’, म्हणजे एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते का ते पाहायचे. ती आली नाही. सप्टेंबरमध्ये डॉक्टरने तपासून गाभण असल्याचे सांगितले. गाईचे दिवस सुमारे २८० धरले तर १७ मार्चच्या आसपास ती विणार, आणि त्याआधी दोन महिने, जानेवारीच्या मध्याला, तिला आटवायला हवी. पण हे कालनिर्णय ३१ डिसेंबरला संपते. म्हणून शेवटच्या पानाच्या कडेला, छापील मजकुराच्या बाहेर, पेनाने दोन ओळी लिहिलेल्या असतात: ‘१७ जाने. आटवणे. १७ मार्च तांबडी.’ डिसेंबरात बाजारातून नवे कालनिर्णय येते, त्याची सुरळी उलगडून ते खिळ्याला अडकवण्याआधी जमिनीवर पसरले जाते, आणि जुने शेजारी ठेवून त्या दोन ओळी नव्या चौकटींत उतरवल्या जातात.